मुलगी बरी आहे

आमच्या घरात कौतुक 'बरं' या शब्दापाशी संपतं. त्यावर मजला चढवायला परवानगी नाही. दहावीला मला ९२ टक्के मिळाले, तेव्हा बाबा पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडता सोडता म्हणाले, "बरे पडले." आईची पुरणपोळी ताटातून तोंडात जाईपर्यंत विरघळते, ती "बरी झालीय." शाळेच्या सहलीबरोबर बाबा आग्र्याला गेले होते, तिथे ताजमहालासमोर पाच मिनिटं गप्प उभे राहिले आणि परत फिरताना म्हणाले, "बरा बांधलाय." साताऱ्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. विशेषणं ही उसन्या पैशांसारखी वापरावीत, लागतील तेवढीच आणि हिशेब ठेवून, असं त्यांचं मत.

अशा घरातल्या मुलीनं २०१६ साली, पुण्यात एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला असताना, अमेरिकेत पीएचडीसाठी अर्ज करायचं ठरवलं.

अर्ज कसा करायचा हे आम्हाला शाळेपासून पाठ होतं. वर 'प्रति', मग 'विषय : अमुक मिळणेबाबत', मग 'महोदय, वरील विषयास अनुसरून', आणि शेवटी 'ही नम्र विनंती'. बोनाफाइड मिळणेबाबत असो की नळजोडणी मिळणेबाबत, मायना तोच. या अर्जात अर्जदार जवळपास नसतोच. तो खाली उजव्या कोपऱ्यात 'आपला विश्वासू' म्हणून अंग चोरून उभा असतो. अमेरिकेनं मागितलं होतं 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', म्हणजे एसओपी. दोन पानं, विनंती औषधालासुद्धा नाही आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी, मी, मी.

सीनियर्सनी आपापले एसओपी वाचायला दिले. सहापैकी चार जणांचं फिजिक्स गावाकडच्या गच्चीवर सुरू झालं होतं. लहानपणी तारे बघताना त्यांना मूलभूत प्रश्न पडले होते. गच्चीवर मीही जायची, पण वाळत घातलेले पापड काढायला, आणि आकाशाकडे बघायची ते ढग येतायत का एवढ्यासाठी. शिवाय माझा प्रोजेक्ट झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांचा. ताऱ्यांपासून झिंक ऑक्साइडपर्यंत दोन पानांत पोचायचं म्हणजे साताऱ्याहून पुण्याला पनवेलमार्गे जाण्यासारखं.

प्रोजेक्ट काय होता ते सांगते, कारण पुढे त्याचं बरंच काही झालं. काचेची पट्टी तापवायची, तिच्यावर झिंकच्या क्षाराचं द्रावण फवारायचं, थर बसला की त्याला तारा जोडायच्या आणि तीनशेएक अंशांवर ठेवून त्याच्यावर गॅस सोडायचा. गॅस लागला की थराचा रोध उतरतो. याला सेन्सर म्हणतात. माझा सेन्सर जुलैमध्ये तयार झाला आणि त्यानं दोन महिने फक्त पावसाळा ओळखला. बाहेर सर आली की मीटरवरचा आकडा हलायचा, आत गॅस सोडला की ढिम्म. लॅबमधली बाकीची मुलं छत्री न्यायची की नाही हे माझ्या टेबलाशी येऊन बघायची. एसओपीत हेच असं गेलं : 'आर्द्रतेमुळे संवेदकाच्या प्रतिसादात होणाऱ्या हस्तक्षेपाचा मी सखोल अभ्यास केला.' खोटं त्यात काही नव्हतं. फक्त इस्त्री केली होती.

दिवाळीच्या सुट्टीत मसुदा बाबांपुढे ठेवला. त्यांनी लाल पेन काढलं. पहिला गोल 'पॅशनेट'भोवती पडला.

"हे काय आहे?"

"सगळे लिहितात, बाबा."

"फिजिक्सबद्दल पॅशनेट? हा शब्द मी रोमिओला शिकवताना वापरायचो."

मग 'युनिक' गेला ("एकमेव आहेस का तू? मग?"). 'एक्सेप्शनल' गेला. 'सखोल अभ्यास'पाशी पेन थांबलं. "म्हणजे नक्की काय केलंस?" मी सांगितलं. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी 'सखोल'वर रेघ ओढली. अर्ध्या तासात दोन पानांचा अर्धा कागद झाला. त्यात मी एमएस्सी करते, झिंक ऑक्साइडवर काम केलं आहे आणि पुढे शिकायची इच्छा आहे, एवढाच मजकूर शिल्लक होता. तळाला त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन' जोडलं.

मी आनंदीबाई जोशींना मध्ये घातलं. माझ्या मते आपल्याकडचा पहिला दमदार एसओपी त्यांचा. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, नवऱ्याला मागे ठेवून त्या समुद्र ओलांडून गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिलं. जातीचा आणि आप्तांचा विरोध पत्करून ज्या निश्चयानं आपण इथवर आलो, तो निश्चयच हेतू तडीस न्यायला उपयोगी पडावा, असा त्या पत्राचा रोख. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. "बघा, त्यांनीही स्वतःबद्दल लिहिलंच की!" मी म्हणाले.

बाबांनी ते पत्र मिळवून वाचलं. चष्मा काढला. "तिनं जे केलं होतं ते तिनं लिहिलं. तू काय केलंस? पाऊस ओळखलास."

संगणकात त्या मसुद्याचं नाव 'फायनल_बाबा' असं ठेवून मी तो जपून ठेवला. पाठवला दुसराच.

परीक्षांबद्दल फार लिहीत नाही, कारण ज्यांनी त्या दिल्या त्यांना तो वास आठवतो आणि ज्यांनी नाही दिल्या ते भाग्यवान. जीआरईचे शब्द आई घ्यायची, मेथी निवडता निवडता. "गॅर्युलस?" मला आठवेना. तिनं कार्डाच्या मागे वाचलं, 'फार बडबड करणारा', आणि लगेच म्हणाली, "म्हणजे तुझी आत्या." ही पद्धत भलतीच लागू पडली. 'पार्सिमोनियस' म्हणजे कराडचे अण्णाकाका, 'क्वेरुलस' म्हणजे खालच्या मजल्यावरचे देशपांडे. दोन महिन्यांत अख्खं गोत्र इंग्रजीत पाठ झालं. परीक्षेत आत्या दोनदा आली.

फिजिक्सची वेगळी जीआरई असते. तेव्हा ती १०० प्रश्नांची नि १७० मिनिटांची होती, म्हणजे प्रश्नाला १०२ सेकंद. आमच्या विद्यापीठात प्रश्न 'सिद्ध करा' असा असे आणि पुरवण्या घेत घेत आठ पानं सिद्ध करत जायचं. अडलं तर अक्षर मोठं करायचं. १०२ सेकंदांत मी समास आखते.

टोफेल मात्र मला मनापासून आवडली. तिथे माइक नीट चालतो का हे तपासायला संगणक सांगतो, तुम्ही राहता त्या शहराचं वर्णन करा. खोलीत वीसेक जण, कानाला हेडफोन, आणि सगळे एकाच वेळी पुण्याचं वर्णन करू लागले. डावीकडचा मुलगा म्हणत होता, पुणे शांत, निवृत्तांचं शहर आहे. उजवीकडची मुलगी ट्रॅफिकबद्दल जवळजवळ ओरडत होती. मागून कुणीतरी 'ऑक्सफर्ड ऑफ द ईस्ट' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होतं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा पुण्याबद्दल इतकी मतं एकदम ऐकू येत नाहीत. आणि हे गुणांत धरलं जात नाही!

अर्जाचा गाभा मात्र परीक्षांत नसतो. तो असतो तीन पत्रांत. बोलीभाषेत 'रेको'. तुम्हाला ओळखणाऱ्या तीन प्राध्यापकांनी तुमच्याबद्दल गुप्तपणे लिहायचं. गुप्तपणे हा शब्द लक्षात ठेवा.

पहिल्या सरांकडे गेले. ते प्रेमळ आहेत, कामात बुडालेले असतात. "देतो ना! तूच ड्राफ्ट करून आण, मी बघून टाकतो." दुसऱ्या मॅडमकडे गेले. "अगं, तू लिहून मेल कर, मी थोडं फिरवते." म्हणजे स्वतःची स्तुती एसओपीत एकदा करून भागलं नव्हतं, ती आता आणखी दोघांच्या आवाजात करायची. एका माणसानं लिहिलंय हे कळता कामा नये. मी वर्गातल्या वह्या काढून दोघांची भाषा अभ्यासली. सरांच्या प्रत्येक वाक्यात 'द सेम' येतं, तेव्हा त्यांच्या पत्रात माझी हुशारी आली आणि 'द सेम' प्रयोगशाळेतही दिसून आली. मॅडमचं वाक्य सुरू झालं की परिच्छेदाच्या शेवटीच थांबतं, म्हणून त्यांच्या पत्रात मी दम न खाता सहा ओळी कष्टाळू राहिले. विश्वासार्हता यावी म्हणून एक दोषही घातला : 'ती कधी कधी स्वतःबद्दल फार कठोर असते.' हे लिहिताना मी पोटावर आडवी पडून खारी खात होते.

मग फॉर्म. प्रत्येक विद्यापीठाच्या फॉर्मवर एक चौकोन असतो. १९७४ च्या एका अमेरिकन कायद्यानुसार ही पत्रं पुढे पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला असतो, तो तुम्ही सोडता का? सोडा, असं सगळे सांगतात. नाहीतर पत्र भिडेपोटी लिहिलंय असं वाटतं. मी आठ विद्यापीठांत आठ वेळा टिचकी मारून, स्वतः लिहिलेली पत्रं स्वतः पाहण्याचा हक्क सोडून दिला.

सरांचा पेच वेगळाच. त्यांचा मेल रेडिफचा आणि विद्यापीठांना हवा संस्थेचा. संस्थेचा मेल सरांना २००९ साली मिळाला होता, त्याचा पासवर्ड एका निवृत्त शिपायाला माहीत होता. ते निस्तरलं, फॉर्म उघडला, तर आत तक्ता. 'आपण शिकवलेल्या विद्यार्थ्यांत ही कितवी? वरच्या १ टक्क्यात, ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत...' सर फिजिक्सचे. त्यांनी पेन्सिल घेतली.

"वर्गात किती गं तुम्ही?"

"चोवीस, सर."

"मग एक टक्का म्हणजे शून्य पूर्णांक चोवीस शतांश. पाव मुलगी. तू पूर्ण आहेस. बसत नाहीस त्यात."

मी म्हटलं, सर, तुम्ही पंचवीस वर्षं शिकवताय, सगळे धरा. त्यांनी सगळे धरले. पंचवीस गुणिले चोवीस, सहाशे. एक टक्का, सहा. मग ते मनातल्या मनात सहा नावं मोजू लागले, आणि चौथ्या नावालाच त्यांचे डोळे भरून आले. ("तो परांडकर! आता कुठे असेल?") मला दहा टक्क्यांचा रकाना मिळाला. तोही बाहेर पाऊस होता म्हणून असावा.

तिसरे सर वेगळे. त्यांनी ड्राफ्टचं नाव काढताच भुवया वर केल्या. "माझं पत्र मी लिहितो." आणि लिहिण्याआधी चाळीस मिनिटं तोंडी परीक्षा घेतली. झिंक ऑक्साइडमध्ये वाहक कुठले, रोध का उतरतो, बाष्पाचं काय होतं पृष्ठभागावर. सखोल अभ्यासाचा तळ पाचव्या मिनिटाला लागला. शेवटी म्हणाले, "माहीत नसलं की 'माहीत नाही' म्हणतेस, हे एक आहे." जाताना मी धीर करून विचारलं, सर, साधारण काय लिहाल? ते वही मिटत म्हणाले, "लिहीन की. मुलगी बरी आहे."

त्या रात्री झोप लागली नाही. बरी! सातारचा 'बरी' वेगळा, पण तो इंग्रजीत गेला की 'फाइन' होतो, नाहीतर 'नॉट बॅड'. समितीच्या टेबलावर दोन पत्रं फटाक्यांसारखी फुटणार, मी आजवरच्या सर्वोत्तमांपैकी एक, मी विजेसारखी. आणि तिसऱ्यात शांतपणे, 'ठीक आहे.'

एवढ्यात ८ नोव्हेंबर उजाडला. रात्री पाचशे-हजारच्या नोटा गेल्या आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लागला. साताऱ्याच्या घरी बाबा दोन चॅनेलांमध्ये रिमोट घेऊन येरझाऱ्या घालत होते. आईनं फोनवर एवढंच विचारलं, "मग तुझी फी कशात भरायची?" प्रश्न बिनतोड होता. मला विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढायच्या होत्या. खिडकीवरच्या काकांना रोख हवी होती, एटीएममधून दिवसाला दोन हजार निघत होते, तेही तीन तास उभं राहिल्यावर, आणि निघायची ती गुलाबी नोट मोडायला काकांकडे सुट्टे नव्हते. चार दिवस मी रांगेत उभी राहून जीआरईचे शब्द म्हणत होते. पाचव्या दिवशी काकांनी शंभराच्या नोटा मोजून घेतल्या, आठ लिफाफे बंद केले, प्रत्येकाच्या तोंडावर शिक्का मारला. एक फिका उठला तर पुन्हा मारला. "तिकडं जायचंय, नीट दिसला पायजे," म्हणाले. संपूर्ण प्रक्रियेत माझ्यासाठी मनापासून जोर लावलेला तो एकच माणूस.

आणि लिफाफ्यातली मी कोण, हाही प्रश्न होताच. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मी, मग बाबा, शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम, परीक्षेच्या नोंदणीत तिसराच. एका विद्यापीठानं अत्यंत अदबीनं विचारलं, की आमच्या आईची ट्रान्सक्रिप्ट मिळाली, माझी कधी येणार? बीएस्सीला ७४ टक्के, म्हणजे डिस्टिंक्शन. पेढे वाटले होते. तिथल्या चार गुणांच्या मापात तेच ७४ जेमतेम पास झाल्यासारखे दिसतात. पेढे तर स्कॅन करून जोडता येत नाहीत.

अर्जाची फी एका जागी पंचाहत्तर ते शंभर डॉलर, आणि डॉलर तेव्हा ६७-६८ रुपये. परीक्षेचे गुण कळवायचे प्रत्येक ठिकाणी आणखी २७ डॉलर पडत होते. हे ऐकून बाबांनी कपाटातून ५० पैशांचं पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवलं. पैसे भरले हिंजवडीतल्या मावसभावाच्या क्रेडिट कार्डावर. मध्यरात्री त्याच्या फोनवर मेसेज येत राहिले आणि सकाळी वहिनीनं त्याला विचारलं, "ही मिनेसोटा कोण?"

इकडे भारतातल्या परीक्षाही चालू होत्या. डिसेंबरात नेट आणि टीआयएफआर, फेब्रुवारीत गेट आणि जेस्ट. त्यांचा सरळपणा मला तेव्हा फार हवाहवासा वाटला. इथे तुमचा हेतू कुणी विचारत नाही, थेट हॅमिल्टोनियन विचारतात. नेटची जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर तेव्हा महिना २५ हजार होते. तिथे 'मी, मी' करावं लागत नाही. अर्थात नेहमी तसं नव्हतं. १९३३ साली मुंबईची पदवी घेतलेल्या कमला भागवत, म्हणजे लेखिका दुर्गाबाई भागवतांची बहीण, बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत गेल्या. मुलगी आहे म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला, तर त्यांनी तिथंच ठिय्या दिला आणि अटींवर का होईना, प्रवेश मिळवला. पुढे त्या केंब्रिजच्या डॉक्टर कमला सोहोनी झाल्या. त्यांनी कुणाकडून रेको आणला असेल असं वाटत नाही.

सगळी भानगड पहिल्या झटक्यात कुणाला समजली असेल तर आत्याला. ती वधूवर मंडळाचं काम बघते. मी तिला सांगत होते, की विद्यापीठांचे तीन गट करायचे, अँबिशियस, मॉडरेट आणि सेफ. "कळलं," ती म्हणाली. "बड्यांचं, जोडीचं आणि हातचं. फोटो लावतात?" नाही. "पत्रिका?" ट्रान्सक्रिप्ट. "चौकशी कोणाकडे करतात?" तीन सरांकडे. "मग कळवतो म्हणतात आणि कळवत नाहीत. बरोबर?" बरोबर.

फेब्रुवारीपासून मेल येऊ लागले. अमेरिकेची कचेरी उघडते तेव्हा आपल्याकडे रात्र असते, त्यामुळे नकार पहाटे दोन-अडीचला येतात आणि वाचून पाणी प्यायला उठावं लागतं. नकारांची भाषा इतकी गोड असते की पहिला मेल मी अर्ध्यापर्यंत अभिनंदनाचा समजून वाचला. यंदा असामान्य संख्येनं असामान्य अर्ज आले होते. म्हणजे आम्ही सगळेच एक टक्क्यात होतो. पाच नकार असे आले, एक जागा ताटकळत राहिली, एक कळवतो म्हणाली नि कळवलं नाही. आत्या म्हणाली होती तसंच.

आठवीकडून मार्चअखेर होकार आला. मध्य-पश्चिमेकडचं मोठं सरकारी विद्यापीठ, फी माफ, पदवीच्या मुलांना प्रयोग शिकवायचे आणि त्याचा महिन्याला पगार. १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्या. अण्णाकाकांना हे सांगितलं तर ते दहा मिनिटं विचार करून म्हणाले, "शिकायला जाणाऱ्याला पैसे देतात? काहीतरी गोम आहे."

तिसऱ्या सरांनी नक्की काय लिहिलं, ते मला आजवर कळलेलं नाही. आठ वेळा सोडलेला हक्क त्या एकाच पत्राच्या बाबतीत खरोखर लागू पडला.

बाबांना मी सकाळी सातला फोन केला. "बरं झालं," ते म्हणाले आणि दुधाचा हिशेब करायला गेले. त्या शनिवारी मी न कळवताच साताऱ्याला पोचले. जिना चढताना वरून आवाज येत होता. ते कराडला बोलत होते, अण्णाकाकांशी, गॅलरीत उभं राहून, आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं.

"गोम कसली? अहो, निवडून निवडून घेतात ते! वरच्या एक टक्क्यातली आहे ती! हो हो, वर्गात चोवीसच होते, पण सर म्हणाले... लहानपणापासून पॅशनेट हो, अत्यंत पॅशनेट. आर्द्रतेवर सखोल अभ्यास आहे तिचा, सखोल..."

मी दारात येऊन उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि आवाज खाली आणला.

"हो, बरं चाललंय तिचं. ठेवतो आता."